वसाहतकालीन अमेरिकेतील शेतमाल आणि व्यापार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना शाळेत तेरा वसाहतींचा इतिहास शिकावा लागतो, आणि इकडे इतिहासाचे विद्यार्थी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध अभ्यासताना चहाच्या पेट्यांपासून सुरुवात करतात. दोघांच्याही वाचनात शेत आणि बंदर बहुधा मागे पडते. त्या समाजाची घडण समजून घ्यायची असेल, तर कोणत्या जमिनीत काय पिकत होते, ते कोणाच्या श्रमातून पिकत होते आणि कोणत्या गलबतातून कोठे जात होते, हे आधी पाहावे लागते, असे आमचे ठाम मत आहे. पुढील उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत. वजने रतलात दिली असून एक रतल म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम.

वसाहतकालीन अमेरिका म्हणजे नेमका कोणता प्रदेश आणि कोणता काळ?

येथे उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ब्रिटिशांच्या तेरा वसाहती अभिप्रेत आहेत. १६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाउनची वसाहत उभी राहिली, तेव्हापासून १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापर्यंतचा हा काळ आहे. व्यापाराचा विचार करताना मात्र कॅरिबियन समुद्रातील साखरेची बेटे, म्हणजे वेस्ट इंडीज, वगळून चालत नाही. कारण उत्तरेकडील वसाहतींचा बराचसा माल तेथेच खपत असे.

या वसाहतींतून सर्वाधिक कोणता माल निर्यात होत असे?

तंबाखू. स्वातंत्र्ययुद्धापूर्वीच्या काही वर्षांत एकूण निर्यातीच्या किमतीपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या तंबाखूचा होता. त्याखालोखाल पाव आणि गव्हाचे पीठ, मग तांदूळ, मग खारवलेले मासे आणि नीळ असा क्रम लागतो. त्याशिवाय इमारती लाकूड, डांबर व राळ, हरणांची कातडी, बीव्हर या प्राण्याची फर, देवमाशाचे तेल, कच्चे लोखंड आणि आयर्लंडला पेरणीसाठी जाणारे जवसाचे बी असा पुष्कळ किरकोळ वाटणारा, पण हजारो घरे चालवणारा माल होता.

तंबाखूने व्हर्जिनिया आणि मेरिलँड एवढे कसे व्यापले?

जेम्सटाउनची पहिली वर्षे उपासमारीत गेली. सोने सापडले नाही, रेशीम आणि काच तयार करण्याचे प्रयत्न फसले. तेथील मूळ रहिवाशांची तंबाखू कडवट असल्याने ती इंग्लंडच्या बाजारात चालत नव्हती. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फ या वसाहतवाल्याने स्पॅनिश मुलखातील गोडसर जातीचे बी लावून पाहिले आणि काही वर्षांतच या पिकाने वसाहत तगवली. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०४ मध्येच तंबाखूच्या व्यसनावर जळजळीत टीका केली होती. तरी जकातीचे उत्पन्न दिसू लागल्यावर दरबाराचा विरोध मावळला.

हे पीक माणसाला वर्षभर शेताबाहेर पडू देत नसे. हिवाळा संपता संपता बारीक बी राखेत मिसळून रोपवाटिकेत टाकायचे, मे महिन्यात पाऊस पडून गेल्यावर कुदळीने केलेल्या मातीच्या एकेका उंचवट्यावर एकेक रोप लावायचे, रोप वाढले की शेंडा खुडायचा, बगलेतील फुटवे काढायचे आणि पानांवरच्या अळ्या एकेक करून हातांनी वेचून चिरडायच्या. ऑगस्ट-सप्टेंबरात झाड कापून काठ्यांवर टांगत व हवेशीर कोठारात आठवडेच्या आठवडे वाळवत. पान फार कोरडे झाले तर चुरा होई आणि ओले राहिले तर पिंपात कुजे. म्हणून दमट हवेचा दिवस साधून ते उतरवावे लागे. शेवटी शिरा काढलेली पाने मोठ्या लाकडी पिंपात दाबून भरत. अठराव्या शतकात असे भरलेले एक पिंप सुमारे हजार रतलांचे असे, आणि ते आडवे करून, बैल किंवा घोडे जुंपून धक्क्यापर्यंत लोळवत नेत.

तीन-चार हंगामांत जमिनीचा कस जाई आणि ती वीस-वीस वर्षे पडीक सोडावी लागे. त्यामुळे बागायतदाराला सतत नवी जमीन हवी असे, आणि ती मूळ रहिवाशांकडून बळकावली जाई. चेसापीकच्या उपसागराला मिळणाऱ्या नद्या इतक्या रुंद आणि खोल होत्या की समुद्रातून आलेले गलबत थेट बागायतदाराच्या खासगी धक्क्याला लागत असे. तेथे मोठी शहरे फार उशिरा उभी राहिली, याचे एक मुख्य कारण हेच आहे.

ही शेती प्रत्यक्षात कोण करत होते?

सुरुवातीला प्रामुख्याने इंग्लंडहून आलेले करारबद्ध मजूर. प्रवासभाड्याच्या बदल्यात ते साधारण चार ते सात वर्षे राबत आणि मालक त्यांचा उरलेला करार दुसऱ्याला विकूही शकत असे. मजूर आणणाऱ्याला माणशी ५० एकर जमीन देण्याची पद्धत व्हर्जिनियात १६१८ पासून होती. १६१९ मध्ये विसाहून काही अधिक आफ्रिकी माणसे बंदिवान म्हणून व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवली आणि विकली गेली. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडहून येणारे मजूर कमी झाले, आफ्रिकेहून थेट गुलाम आणणारी गलबते वाढली, आणि कायद्याने गुलामगिरी आजन्म व आईकडून मुलाकडे जाणारी ठरवली. अठराव्या शतकातील तंबाखू, तांदूळ आणि नीळ यांचे आकडे वाचताना ते याच सक्तीच्या श्रमाचे आकडे आहेत हे विसरता कामा नये. ‘बागायतदाराने पिकवले’ असे वाक्य पाठ्यपुस्तकांत सर्रास येते. ते वस्तुस्थितीला धरून नाही.

तंबाखू खरोखरच पैशासारखी चालत होती का?

होय, आणि ती अनेक पिढ्या चालली. वसाहतींत नाण्यांची कायम टंचाई असे. इंग्लंडमधून नाणी येत नसत, आणि व्यापारात मिळालेली स्पॅनिश चांदीची नाणी मालाची किंमत चुकवण्यासाठी पुन्हा बाहेर जात. त्यामुळे व्हर्जिनियात आणि मेरिलँडमध्ये कर, दंड, भाडे आणि पगार रतलभर तंबाखूच्या हिशेबाने ठरत. व्हर्जिनियातील चर्चच्या धर्मोपदेशकांचा वार्षिक पगार १६,००० रतल तंबाखू असा कायद्याने ठरलेला होता.

यातील अडचण उघड आहे. कर भरायचा असला की लोक सर्वांत टाकाऊ पान पुढे करत. त्यावर १७३० मध्ये गव्हर्नर विल्यम गूच यांच्या कारकिर्दीत व्हर्जिनियात तपासणीचा कायदा झाला. प्रत्येक पिंप सरकारी वखारीत उघडायचे, तपासनिसांनी पान पाहायचे, खराब माल तेथेच जाळायचा आणि चांगल्या मालाची पावती द्यायची, अशी व्यवस्था लागली. ती पावती हातोहात फिरू लागली आणि कागदी चलनाचे काम करू लागली. प्रारंभी लहान शेतकऱ्यांनी याला कडाडून विरोध केला, काही वखारी जाळल्या गेल्या. तरी व्हर्जिनियाच्या तंबाखूची बाजारातील पत त्यामुळे वाढली आणि १७४७ मध्ये मेरिलँडनेही तीच वाट धरली.

१७५८ मध्ये पीक बुडून भाव कडाडले, तेव्हा व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने तंबाखूतील देणी रतलाला दोन पेन्स या दराने रोखीत चुकवण्याची मुभा दिली. बाजारभाव त्याहून कितीतरी अधिक असल्याने धर्मोपदेशकांचे मोठे नुकसान झाले. त्यांनी लंडनकडे धाव घेतली, राजाने कायदा रद्द केला आणि भरपाईचे दावे उभे राहिले. १७६३ मधील अशाच एका दाव्यात पॅट्रिक हेन्री या तरुण वकिलाने राजाच्या अधिकारालाच आव्हान दिले आणि पंचांनी धर्मोपदेशकाला भरपाई म्हणून एक पेनी दिली. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या राजकीय भाषेची धार तंबाखूच्या भावावरून झालेल्या या वादात आधीच दिसते.

दक्षिण कॅरोलिनात भात कसा पोहोचला आणि कसा पिकवला गेला?

सतराव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स टाउनच्या, म्हणजे आजच्या चार्ल्सटनच्या, आसपास भाताची लागवड सुरू झाली आणि अठराव्या शतकात ती त्या वसाहतीचे मुख्य पीक बनली. इंग्लंडमधून आलेल्या वसाहतवाल्यांना भातशेतीचा अनुभव नव्हता. पश्चिम आफ्रिकेत मात्र सेनेगलपासून सिएरा लिओनपर्यंतच्या पट्ट्यात भात शतकानुशतके पिकत आला होता, आणि त्या भागातील अनेक माणसे गुलाम म्हणून कॅरोलिनात आणली गेली. लागवडीच्या ज्ञानाचे श्रेय कोणाला किती द्यावे, यावर इतिहासकारांत वाद आहे. तरीही टाचेने माती ढकलून बी झाकणे, लाकडी उखळात मुसळाने कांडणे आणि पसरट विणलेल्या टोपलीने पाखडणे या पद्धती आफ्रिकी शेतीशी इतक्या मिळतात की त्या ज्ञानाचा वाटा नाकारणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

आरंभी पाणथळ भागांत बांध घालून भात होई. अठराव्या शतकाच्या मध्यापासून भरतीच्या पाण्यावरची शेती पसरली. गोव्यातील खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बांध आणि लाकडी दारे लगेच ओळखीची वाटतील. फरक इतकाच की खाजनातील मानस, म्हणजे पाणी अडवणारे लाकडी दार, खारे पाणी बाहेर रोखते, तर कॅरोलिनात भरतीच्या रेट्याने वर चढलेले नदीचे गोडे पाणी दार उघडून खाचरात घेतले जाई आणि ओहोटीला सोडून दिले जाई. त्यासाठी दलदलीतील सायप्रसची झाडे तोडून मैलोन्‌मैल बांध हातांनी घालावे लागले. कंबरभर चिखल, साप, हिवताप आणि वर उन्हाळा, अशा स्थितीत हे काम झाले.

कापणीनंतरचे कांडण हा या पिकातील सर्वांत जीवघेणा भाग होता. अखंड दाण्याला चांगला भाव मिळे आणि कणी पडली की भाव उतरे, म्हणून घाव जोरकस पण बेताचा घालावा लागे. शेतातील दिवसभराच्या कामावर कांडणाचा हा बोजा पहाटे आणि रात्री पडत असे. येथे प्रत्येकाला रोजचे काम नेमून दिले जाई, शेतात ते बहुधा पाव एकराचे असे. ते संपले की उरलेल्या वेळात लोक स्वतःचा भाजीपाला लावत, कोंबड्या पाळत आणि काही माल विकतही. १७०८ च्या सुमारास दक्षिण कॅरोलिनात गोऱ्यांपेक्षा आफ्रिकी लोकांची संख्या अधिक झाली होती. १७३९ मध्ये स्टोनो नदीकाठी झालेला मोठा उठाव आणि त्यानंतरचे अधिक कठोर कायदे याच पार्श्वभूमीवर वाचावे लागतात. शेजारच्या जॉर्जियात गुलामगिरीवर आधी बंदी होती. भातशेतीचा नफा पाहून १७५१ मध्ये ती उठवण्यात आली.

निळीचा उल्लेख नेहमी एलिझा लुकास यांच्या नावासह का होतो?

कारण कॅरोलिनात नीळ बाजारात विकण्याजोगी करून दाखवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अँटिग्वा बेटावर वाढलेली ही मुलगी वडील दूर असताना सोळा-सतराव्या वर्षापासून त्यांच्या जमिनीचा कारभार पाहू लागली. वडिलांनी पाठवलेल्या बियांपासून तिने १७३९ नंतर प्रयोग केले. पहिले पीक थंडीने मारले. माँटसेराट बेटावरून आणलेल्या जाणकाराने, स्वतःच्या बेटाच्या धंद्याला स्पर्धा नको म्हणून, चुन्याचे पाणी मुद्दाम जास्त घालून रंग बिघडवला, असे तिने स्वतः लिहून ठेवले आहे. १७४४ मध्ये चांगले पीक हाती आले आणि तिने बी शेजाऱ्यांना वाटले.

पाला हौदात कुजवणे, ते पाणी दुसऱ्या हौदात घुसळणे, चुन्याच्या निवळीने रंगाचा साका खाली बसवणे, साका कापडी पिशव्यांत निथळून त्याच्या वड्या पाडणे, ही सारी दुर्गंधीची आणि कौशल्याची कामे गुलाम आफ्रिकी माणसे करत. त्यांची नावे फारशी नोंदली गेली नाहीत. भात सखल जागी आणि नीळ उंचवट्यावर होत असल्याने दोन्ही पिके एकाच मालकाला परवडत. १७४८ मध्ये ब्रिटिश संसदेने रतलाला सहा पेन्स अनुदान मंजूर केले आणि स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर वार्षिक निर्यात दहा लाख रतलांच्या घरात गेली. स्वातंत्र्याबरोबर अनुदान संपले. पुढे ब्रिटनला निळीचा पुरवठा बंगालमधून होऊ लागला आणि तेथील रयतेच्या वाट्याला त्याचे भोग आले.

उत्तरेकडील वसाहती काय विकत होत्या?

न्यू इंग्लंडची, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट अशा ईशान्येकडील वसाहतींची, जमीन खडकाळ आणि उन्हाळा आखूड, त्यामुळे तेथे निर्यातीजोगे पीक नव्हते. कॉड मासा होता. खारवून वाळवलेल्या कॉडची प्रतवारी होई. उत्तम माल बिल्बाओ, लिस्बन अशा कॅथलिक बंदरांत जाई, कारण तेथे उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असे; तुटका, खराब झालेला माल वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या खाण्यासाठी पाठवला जाई. मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधिगृहात आजही लाकडी कॉड टांगलेला आहे, तो उगाच नव्हे.

दुसरा माल लाकडाचा. न्यू हॅम्पशायर आणि मेनच्या जंगलातील उंच पाइन वृक्ष ब्रिटिश आरमाराला डोलकाठ्यांसाठी हवे होते. १६९१ च्या सनदेने खासगी मालकीच्या नसलेल्या जमिनीवरील दोन फुटांहून अधिक व्यासाची झाडे राजासाठी राखली आणि त्यांवर कुऱ्हाडीने बाणाची खूण केली जाई. स्थानिकांनी ती खूण फारशी जुमानली नाही, आणि १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या वेअर गावात यावरून दंगलही झाली.

पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्क ही गव्हाची भूमी. तेथे धान्य तसेच न पाठवता दळून पीठ आणि कडक बिस्किटे करून पाठवत, त्यामुळे गिरण्या, पिंपे करणारे कारागीर, गाडीवान आणि बंदरातील पेढ्या असा मोठा पसारा उभा राहिला. चेसापीकमध्ये शहर उभे राहत नव्हते त्याच काळात फिलाडेल्फिया तेरा वसाहतींतील सर्वांत मोठे शहर झाले. पिकाचा स्वभाव समाजाच्या रचनेत कसा उतरतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

त्रिकोणी व्यापार खरा होता की ती केवळ नकाशावरची सोय आहे?

न्यू इंग्लंडची रम आफ्रिकेत, तेथून माणसे वेस्ट इंडीजमध्ये आणि तेथून रम गाळण्यासाठी लागणारी उसाची मळी पुन्हा न्यू इंग्लंडमध्ये, असा प्रवास करणारी गलबते होती. ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट हे या धंद्याचे मोठे केंद्र होते. पण वसाहतींचा बहुतांश व्यापार असा तीन टोकांचा नव्हता. अनेक गलबते वेस्ट इंडीजला जाऊन तशीच परत येत. त्या बेटांवर जवळजवळ सारी जमीन उसाखाली असल्याने पीठ, मासे, घोडे, लाकूड आणि पिंपांच्या फळ्या सर्व काही बाहेरून आणावे लागे. बदल्यात मळी, साखर, चांदी आणि लंडनच्या पेढ्यांवरील हुंड्या मिळत, आणि त्या हुंड्यांवर वसाहतवाले इंग्लंडचे कापड व अवजारे विकत घेत. त्यामुळे ज्या फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्याने कधी गुलामांचे जहाज पाठवले नाही, त्याचाही नफा उसाच्या मळ्यांतील गुलामगिरीवर उभा होता.

नौकानयनाचे कायदे काय होते आणि ते किती पाळले गेले?

१६५१ पासून इंग्लंडने असे कायदे केले की वसाहतींचा व्यापार इंग्लंडच्या किंवा वसाहतींच्याच जहाजांतून व्हावा. १६६० च्या कायद्याने तंबाखू, साखर, कापूस, नीळ असा नेमका माल फक्त इंग्लंडला किंवा इंग्लिश वसाहतींना पाठवण्याचे बंधन घातले. पुढे तांदूळ आणि मळी यांची भर पडली. १६६३ पासून युरोपचा बहुतेक मालही इंग्लंडमार्गेच यावा लागे. हे कायदे निव्वळ जाचक होते असे म्हणता येणार नाही, कारण वसाहतींतील जहाजबांधणीला त्यांतून संरक्षण मिळाले आणि डांबर, नीळ यांना अनुदान मिळाले.

खरा संघर्ष मळीवरून झाला. फ्रान्सने आपल्या ब्रँडीच्या रक्षणासाठी रमवर निर्बंध घातले असल्याने फ्रेंच बेटांवर मळी स्वस्त होती. ब्रिटिश बेटांच्या मालकांच्या दबावाखाली १७३३ मध्ये परकी मळीवर गॅलनला सहा पेन्स जकात बसली. ती भरली असती तर न्यू इंग्लंडच्या रमच्या भट्ट्या बंद पडल्या असत्या. म्हणून ती भरलीच गेली नाही आणि जकात अधिकाऱ्यांचे हात ओले होत राहिले. १७६४ मध्ये दर निम्मा, म्हणजे तीन पेन्स, केला, पण या वेळी वसुलीची खरी तयारी होती. दर कमी झाला असूनही असंतोष वाढला, तो याच कारणाने.

श्रीमंत बागायतदार कर्जबाजारी का असत?

लंडनचा अडत्या त्यांची तंबाखू विके, भाडे, जकात, विमा आणि अडत वळती करी, आणि त्यांनी मागवलेले कपडे, दारू, फर्निचर उधारीवर पाठवी. भाव पडला की खाते बुडीत दिसे. जॉर्ज वॉशिंग्टन यांचेही लंडनच्या एका पेढीकडे असेच देणे झाले, आणि १७६० च्या दशकात त्यांनी तंबाखू सोडून गहू धरला, पुढे स्वतःची गिरणी चालवली. थॉमस जेफरसन यांनी लिहिले आहे की ही कर्जे बापाकडून मुलाकडे वारशाने जात. लहान शेतकऱ्यांचा माल ग्लासगोच्या पेढ्यांचे गुमास्ते आपल्या दुकानांतून जागेवरच घेत, आणि तेथेही उधारीची वही असेच.

मूळ रहिवाशांचा या व्यापारात काय वाटा होता?

फार मोठा. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावण्याची पद्धत त्यांची, आणि वसाहतवाले पहिली वर्षे त्या मक्यावर जगले. उत्तरेत बीव्हरची फर, दक्षिणेत हरणांची कातडी त्यांच्याकडून येत असे. बदल्यात त्यांना कापड, लोखंडी भांडी, बंदुका आणि रम मिळे. शिंपल्यांचे वँपम नावाचे मणी १६६१ पर्यंत मॅसॅच्युसेट्समध्ये कायदेशीर चलन होते. शिकार संपत आली की उधारी जमिनीने फेडावी लागे, आणि हाच भूभाग पुढच्या बागायतीसाठी मोकळा होई.

यात कापूस कोठे आहे?

जवळजवळ कोठेच नाही. वसाहतकाळात कापूस घरगुती वापरापुरता होता. सरकी काढण्याचे सुधारित यंत्र १७९३ मध्ये आले आणि कापसाचे साम्राज्य त्यानंतरचे. मुंबईत कापसाची प्रचंड तेजी आणणारे अमेरिकन यादवी युद्ध तर १८६१ ते १८६५ मधले आहे. दोन काळांची गल्लत होता कामा नये.

भारताशी या व्यापाराचा काही प्रत्यक्ष संबंध होता का?

होता. ब्रिटनमध्ये भारतीय छापील सुती कापड वापरण्यावर १७२० च्या दशकात बंदी आली, पण ते लंडनहून पुन्हा निर्यात करण्यास मोकळीक होती, त्यामुळे बॉस्टन आणि न्यू यॉर्कच्या दुकानांत भारतीय कापड विकले जात असे. बॉस्टनमध्ये जन्मलेले एलिहू येल मद्रासचे गव्हर्नर होते. त्यांनी १७१८ मध्ये पाठवलेल्या मालाच्या नऊ गाठी विकून आलेल्या पैशाने कनेटिकटमधील कॉलेजला आधार मिळाला आणि त्याला येल हे नाव मिळाले. मोगल जहाजे लुटणाऱ्या चाच्यांपैकी टॉमस ट्यू हा ऱ्होड आयलंडचा होता. तंबाखूची कहाणी मात्र निराळ्या वाटेने जाते: ती पोर्तुगीजांमार्फत दख्खनमध्ये आधीच पोहोचली होती, आणि अकबराचा दूत असद बेग याने विजापूरहून ती अकबराच्या दरबारात नेली तेव्हा जेम्सटाउन वसलेलेही नव्हते.

१६ डिसेंबर १७७३ रोजी बॉस्टनच्या बंदरात फेकलेल्या ३४२ पेट्यांतील चहा ईस्ट इंडिया कंपनीचा असला, तरी तो चीनचा होता. आसामचा चहा पुढच्या शतकातला.

स्वातंत्र्यानंतर हा व्यापार कोठे वळला?

१७८३ मध्ये ब्रिटनने आपली वेस्ट इंडीजची बेटे अमेरिकन जहाजांना बंद केली आणि जुनी बाजारपेठ एका फटक्यात आखडली. व्यापाऱ्यांनी मग पूर्वेकडे तोंड वळवले. १७८४ मध्ये एक जहाज कँटनला गेले, त्याच वर्षी दुसरे पाँडिचेरीला पोहोचले, आणि १७८८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील सेलमच्या डर्बी घराण्याचे जहाज सुरत, मुंबई आणि कलकत्त्याला आले. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील १७९४ च्या ‘जे’ करारानंतर ब्रिटिशांच्या ताब्यातील भारतीय बंदरे अमेरिकन जहाजांना रीतसर खुली झाली.